शेत घेतलं, बैल आणले, नोंदींचं काय?

धुळ्याकडची जमीन विकून अमळनेर-पाचोऱ्याकडे शेत घेणाऱ्यांनो, खरेदीखत झालं म्हणून लगेच पेढे वाटू नका. गाव नमुना 6 मध्ये फेरफार, नोटिशीचे 15 दिवस, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव लागतं. विहीर सामाईक असेल तर इतर हक्कांचा रकाना नीट वाचा.

गुरांचं मात्र लोक विसरतातच. वरखेडीच्या बाजारात जोडी घेताना आपण दात मोजतो, शिंगं बघतो. कानाकडे कोण बघतं? तिथे पिवळा बिल्ला, त्यावर 12 आकडे. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला मनाई आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन नोंदणीवर मालकाचं नाव बदलून घ्या, नाहीतर बैल तुमच्या गोठ्यात आणि कागदावर दुसऱ्याचे! सौदा ठरताच बिल्ल्याचा फोटो काढून ठेवा.