चिकित्सक साक्षरता आणि महाविद्यालयीन लेखनशिक्षण

१९७० साली न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने मुक्त प्रवेशाचे धोरण अंमलात आणले. नगरातील माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकास विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळू लागली, आणि ज्यांच्या घरी पूर्वी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते असे सहस्रावधी विद्यार्थी वर्गात येऊन बसले. त्यांचे निबंध वाचून अध्यापक हतबुद्ध झाले. तांबडी पेन्सिल कोठून चालवावी आणि कोठे थांबवावी, हेच कळेना.

या निबंधांकडे शांतपणे पाहिले ते मिना शॉनेसी यांनी. प्रवेशसमयी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध अभ्यासून त्यांनी १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या चुका यदृच्छेने घडत नाहीत. अर्धवट उमगलेला एखादा नियम लेखक आपल्या परीने लावीत असतो आणि त्या चुकीमागेही एक तर्क असतो, असे त्यांनी दाखवून दिले. आळस वा मंदबुद्धी हे सोयीचे निदान त्यामुळे निकालात निघाले. तथापि, ज्या प्रमाणभाषेच्या मापाने चूक ठरते ते माप कोणाचे, हा प्रश्न त्यांनी फारसा छेडला नाही. १९९१ मध्ये मिन-झान लू यांनी नेमके याच मर्मावर बोट ठेवले. भाषा ही विचार वाहून नेणारी निर्विकार परडी नव्हे. नवी भाषा शिकताना जुन्या जगाशी संघर्ष होतोच, असा त्यांचा आक्षेप होता.

चिकित्सक साक्षरतेचा विचार येथूनच सुरू होतो. त्याचे मूळ ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांच्याकडे जाते. १९६३ साली आंजिकोस येथे सुमारे ३०० प्रौढांसाठी त्यांनी ४० तासांचा साक्षरतावर्ग चालविला. त्यांच्या पद्धतीत 'तिजोलो', म्हणजे वीट, हा शब्द घेतला की प्रथम चर्चा होई ती विटा वाहणाऱ्यांच्या जीवनाची. अक्षरांची फोड मागाहून. १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेअरींना कारावास व पुढे देशत्याग पत्करावा लागला. वाचावयास शिकविणे हे किती निरुपद्रवी कृत्य आहे, ते यावरून ध्यानी यावे!

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड येथील कामगारवर्गीय विद्यार्थ्यांना लेखन शिकविणाऱ्या आयरा शोर यांनी ही दृष्टी महाविद्यालयात आणली. १९८० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका साध्या हॅम्बर्गरचे उदाहरण दिले आहे. रोजच्या खाण्यातील त्या वस्तूचे प्रथम बारकाईने वर्णन करावयाचे, मग ती कोठून आली, कोणाच्या श्रमातून आली याचा माग घ्यावयाचा. विद्यार्थ्यास सांगण्याजोगे काही सापडले की वाक्यरचनेची गरज त्यास स्वतःच भासू लागते, हे या पद्धतीचे खरे बळ होय.

परंतु गुण देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचीच मते विद्यार्थी चिकित्सा म्हणून उतरून देऊ लागले तर? लेखनाचा वर्ग अध्यापकाच्या राजकारणाचे साधन होऊ नये, असे मॅक्सीन हेअरस्टन यांनी १९९२ मध्ये बजावले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शोर यांनाही त्याची जाणीव असावी. १९९६ च्या ग्रंथात त्यांनी वर्गाचे नियम व गुणदान यांविषयी विद्यार्थ्यांशी केलेल्या वाटाघाटींचीच हकिकत, त्यात झालेल्या ओढाताणीसह, सांगितली आहे.