एका रात्रीच्या भुतांचा संग्रह

हॅलोविनची जुनी सजावट जमवणे हा अमेरिकेतला एक स्थिरावलेला छंद आहे. संग्राहकांच्या लेखी 'जुनी' म्हणजे साधारण 1900 ते 1960 या काळातली सजावट: पुठ्ठ्याच्या चेटकिणी, लगद्याचे भोपळे, क्रेप कागदाच्या माळा, पत्र्याची खुळखुळी. हा माल टिकावा म्हणून कोणी बनवलाच नव्हता. 31 ऑक्टोबरच्या रात्री टांगायचा आणि दुसऱ्या दिवशी केरात टाकायचा, एवढेच त्याचे आयुष्य. नाताळचे काचेचे गोळे घरोघर कापसात गुंडाळून पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. चेटकिणींच्या वाट्याला तो मान आला नाही. आज त्यांना भाव आहे तो मुख्यतः यामुळेच.

सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडचा. ख्रिस्ती धर्मातल्या सर्व संतांच्या दिवसाची ही आदली रात्र. या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी जुनी समजूत. 1840 च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळामुळे आयरिश लोक लोंढ्याने अमेरिकेत गेले आणि सलगम कोरून केलेल्या दिव्याची जागा तिथे मुबलक मिळणाऱ्या लाल भोपळ्याने घेतली. एकोणिसावे शतक संपता संपता सण घरगुती पार्टीचा झाला. तरुण मंडळी जमत, भविष्य बघत, पाण्यात तरंगणारी सफरचंदे दातांनी उचलण्याची शर्यत लावत. पार्टी आली तशी सजावट आली, आणि तिच्यामागोमाग बाजार.

हा बाजार आधी भरला तो जर्मनीने. थुरिंगियातल्या झोनेबर्ग आणि आसपासच्या गावांत खेळणी करण्याचा धंदा पिढीजात होता. तिथल्या कारागिरांच्या घरी हॅलोविन नव्हता. अमेरिकी आयातदार मागतील ते ते घडवून देत. त्यामुळेच की काय, जर्मन मालात एक तऱ्हेवाईक कल्पकता दिसते. भोपळ्याचे डोके आणि माणसाचे अंग, कोटटोपी चढवलेल्या भाज्या, पोटात गोळ्या-चॉकलेटे भरायची मांजरे असे प्रकार तिथूनच आले. पहिल्या महायुद्धात ही आवक थांबली. दोन युद्धांमधल्या काळात ती पुन्हा जोरात सुरू झाली, आणि संग्राहक सर्वांत जास्त धडपडतात ते याच काळातल्या मालासाठी.

त्यातही पहिला मान कंदिलांचा. कागदाचा लगदा, खडूची भुकटी आणि सरस यांचे मिश्रण साच्यात दाबून कंदिलाचे कवच करत आणि वाळल्यावर हाताने रंगवत. डोळे आणि तोंड यांच्या जागी भोके. त्यांना आतून पातळ रंगीत कागद लावलेला, त्यावर बुबुळे आणि दात छापलेले. तळाशी मेणबत्ती खोचायची सोय, वर धरायला तारेची कडी. पातळ कागदाला लागून पेटती मेणबत्ती ठेवायची, तीही लहान मुलाच्या हातात द्यायची, ही कल्पना आज अंगावर काटा आणते. त्यातले कित्येक कंदील पहिल्याच रात्री जळून गेले असणार. म्हणून डोळ्या-तोंडाचे मूळ कागद शाबूत असलेला कंदील दुर्मीळ समजतात, आणि उत्तम नमुन्यांची किंमत हजारो डॉलरपर्यंत जाते. कागद नंतर बदललेला असला तर भाव खाली येतो. कंदिलाखालोखाल मागणी आहे ती जर्मन पुठ्ठ्याच्या उठावदार चित्रांना. ठशाखाली दाबल्यामुळे त्यांतल्या मांजराचे गाल आणि घुबडाची पिसे बोटाला जाणवतात.

अमेरिकी कंपन्यांनी वेगळा रस्ता धरला: स्वस्त, सपाट, घडी घालून ठेवता येणारा कागद. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन कंपनी क्रेप कागदासाठी नावाजलेली होती. गणपतीच्या मखराला झालर लावायचा जो चुणीदार कागद मराठी घरांत ओळखीचा आहे, तोच हा. डेनिसनने त्यावर काळी मांजरे आणि वटवाघळे छापली आणि 1909 मध्ये 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढली. खोली कशी सजवावी, पोशाख कसा शिवावा, कोणते खेळ खेळावेत हे सगळे त्यात सांगितलेले, आणि प्रत्येक सूचनेला लागणारा कागद अर्थातच डेनिसनचा. पुस्तिकेचे सोंग घेतलेली ती मालाची यादीच होती. पण त्या काळातली पार्टी प्रत्यक्षात कशी दिसत असेल हे कळण्यासाठी तिच्याइतके चांगले साधन नाही, त्यामुळे संग्राहक सजावटीइतक्याच हौसेने या पुस्तिकाही जमवतात.

दुसरी मोठी कंपनी बाइस्टल. मार्टिन ल्यूथर बाइस्टल यांनी ती 1900 मध्ये पिट्सबर्गला काढली आणि काही वर्षांत पेनसिल्व्हेनियातल्याच शिपेन्सबर्गला हलवली. मिटलेला कागद उघडला की मधाच्या पोळ्यासारखी जाळी होऊन गोल भोपळा तयार होतो, ही या कंपनीची खासियत. हातपाय हलणारे पुठ्ठ्याचे सांगाडे आणि चकती फिरवून भविष्य सांगणारे खेळही तिने काढले. कंपनी अजून चालू आहे. 1920 ते 1940 या काळातला तिचा माल चित्रकलेच्या दृष्टीने सर्वांत सरस आहे. पुढे रेषा गुळगुळीत होत गेली आणि चेटकिणींचा दरारा ओसरला.

बाकीच्या प्रकारांचा विस्तार फार नाही. 1930 च्या दशकापासून अंड्यांच्या ट्रेसारख्या खरखरीत लगद्याचे भोपळे अमेरिकेतच निघू लागले. छापील पत्र्याची वाद्ये, म्हणजे खुळखुळी, पिपाण्या आणि फिरवली की कडकड वाजणारी चक्रे, यांची मूठ आधी लाकडी असे, नंतर प्लॅस्टिकची झाली. काळ ओळखायला ही खूण उपयोगी पडते. 1950 च्या दशकात प्लॅस्टिकने सगळेच व्यापले. युद्धकाळातले साखरेचे रेशनिंग संपल्यावर मुलांनी दारोदार खाऊ मागण्याची प्रथा फोफावली, आणि पार्टीची सजावट मागे पडून पोशाख आणि खाऊचे डबे पुढे आले. 1905 ते 1915 च्या सुमाराची पोस्टकार्डे हा निराळाच प्रांत आहे. एलन क्लॅपसॅडल आणि सॅम्युएल श्मकर या चित्रकारांच्या कार्डांसाठी स्वतंत्र संग्राहक आहेत.

भाव वाढला तशी नकलाही वाढल्या. मार्क लेडनबाख यांच्या 2003 मधल्या पुस्तकासारखी संदर्भपुस्तके हाताशी असली तरी शेवटी डोळा तयार व्हावा लागतो. पहिली तपासणी ठशाची. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे नुसते 'जर्मनी' असेल तर माल बहुधा युद्धापूर्वीचा, आणि 'पश्चिम जर्मनी' असेल तर निश्चित दुसऱ्या महायुद्धानंतरचा. मात्र ठसा बनवणे अवघड नाही, आणि पुष्कळ अस्सल मालावर ठसा नसतोही. दुसरी तपासणी अतिनील दिव्याची. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घालतात ती रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली. अंधारात या दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो 1920 चा असणे शक्य नाही. उलट मात्र खरे नाही. न चमकणारा कागदही नकली असू शकतो, कारण जुना कोरा कागद मिळवून त्यावर नवे चित्र छापणारेही आहेत. तिसरी तपासणी भिंगाची: छापील चित्राची पुन्हा छायाप्रत काढून छापले की बारीक रेषा फुटतात आणि रंग गढूळ होतात. चहाच्या पाण्याने डागाळून म्हातारा केलेला कागदही विक्रीला येतो. खरा जुनेपणा कडा आणि घड्यांवर जास्त दिसतो, सगळीकडे सारखा पसरत नाही. बाइस्टलने आपली काही जुनी चित्रे स्वतःच पुन्हा छापली आहेत. ती फसवणूक नव्हे, पण कोणी ती जुनी म्हणून विकली तर मात्र नक्कीच.

जतनाचे नियम कागदाच्या कोणत्याही संग्रहाला लागू पडतील असेच आहेत. नारिंगी रंग उन्हात विटतो, तेव्हा चित्रे खिडकीसमोर लावू नयेत. क्रेप कागदाला पाणी लागले की रंग पसरतो. आम्लमुक्त कागदात गुंडाळून, सपाट ठेवून, दमट तळघर आणि तापणारा पोटमाळा दोन्ही टाळणे एवढे पुरे. चिकटपट्टी कधीही लावू नये. फाटलेले चित्र फाटलेले ठेवलेले बरे. जाळीचे भोपळे मिटून ठेवावेत, कारण वारंवार उघडझाप केल्याने डिंकाचे सांधे सुटतात.

नवख्याने जर्मन कंदिलांपासून सुरुवात करू नये. तिथे पैसा लागतोच, शिवाय फसगतही सर्वांत जास्त होते. 1950 च्या दशकातली बाइस्टलची पुठ्ठ्याची चित्रे जुन्या बाजारांत आणि घरगुती सामानाच्या विक्रीत अजूनही बेताच्या किमतीला मिळतात. त्यांतली थोडी हाताळून झाली, छपाई आणि कागद ओळखू येऊ लागला, की मगच मोठ्या लिलावाकडे वळावे.