सावित्रीच्या खोऱ्यात सायकलीवर

दहावीची परीक्षा संपली तेव्हा थोरल्या मुलीला विचारले, "बक्षीस काय हवं?" मला वाटले, मोबाइल मागेल. ती म्हणाली, "अब्बा, गिअरची सायकल. डोंगरात चालते ती."

माझ्या आईला हे पसंत पडले नाही. मुलीने घाटात सायकल कशाला न्यायची? पडली-झडली तर? आईची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमचे गाव सावित्रीच्या खाडीकाठी. घाटात गाडी गेली, दरड आली, पूल वाहून गेला, या आमच्याकडे नुसत्या पेपरातल्या बातम्या नसतात. शेवटी ठरले ते असे: पावसाळा जाऊ द्यायचा, आधी सोपे रस्ते, मग घाट, आणि बाप सोबत.

त्या थंडीत आम्ही दोघांनी या खोऱ्यातले तीन रस्ते सायकलीने पाहिले. सुट्टीत मुलांना घेऊन कुठे जावे, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी ते इथे देतो.

खोरे कसे आहे

महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेकडचा रस्ता धरतात. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उडी घेते. पोलादपूर, महाड करीत ती बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामध्ये समुद्राला मिळते. महाबळेश्वरची उंची सुमारे १३५० मीटर, आणि खाली महाडपर्यंत एके काळी गलबते येत. डोंगर आणि खाडी इतकी जवळ असल्यामुळे सायकलवाल्याला एकाच खोऱ्यात सपाट, चढउताराचा आणि खडा घाट असे तिन्ही प्रकार मिळतात.

पहिला रस्ता: खाडीकाठ

नवशिक्यांनी म्हाप्रळहून बाणकोटकडे जावे. खाडी उजव्या हाताला राहते. गाड्या कमी, सावली बरी, चढ लहान. मधूनमधून खाजणाच्या बांधावर उतरता येते. पण भरतीची वेळ आधी गावात विचारून घ्यावी, कारण ओल्या चिखलात चाक रुतले की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बाणकोटचा किल्ला लहान आहे, पण तिथून खाडीचे मुख पूर्ण दिसते. वेसवीहून फेरीबोटीत सायकल टाकून पलीकडे बागमांडल्याला उतरले की हरिहरेश्वर जवळच. मुंबई-गोवा महामार्ग मात्र सायकलीसाठी धरू नये. ट्रकच्या वाऱ्यानेच हँडल हलते.

दुसरा रस्ता: रायगडाचा पायथा

महाडहून कोंझरमार्गे पाचाड सुमारे २५ किलोमीटर आहे. कोंझरच्या चढावर पहिल्यांदा गिअरची किंमत कळते. गिअर चढ लागल्यावर नव्हे, चढ लागण्याआधी उतरवायचा. पायावर पूर्ण जोर असताना बदलला तर चेन करकरते, कधी उतरतेही. रायगडाच्या एका बाजूला गांधारी नदी, दुसऱ्या बाजूला काळ नदी. पाचाडपासून पुढे रायगडवाडी, छत्री निजामपूर या बाजूला गेले की डांबर कुठे आहे, कुठे उखडलेले आहे, आणि वाड्यांना जाणाऱ्या वाटा लाल मातीच्या. रुंद टायरची सायकल खरी इथे उपयोगी पडते. अशा वाटेवर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे टायर जमीन धरून चालतो. अगदीच कमी ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. वाट कुणाच्या शेतातून किंवा अंगणाजवळून जात असेल तर उतरून, सलाम-नमस्कार करून, विचारून पुढे जावे. आम्हाला कुणी अडवले नाही. पाणी मात्र तीन ठिकाणी मिळाले.

तिसरा रस्ता: आंबेनळी घाट

पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर. हिशोब केला तर दर किलोमीटरला सरासरी ३० मीटरहून अधिक चढ. नेहमीची सवय असेल तरच हा रस्ता घ्यावा, आणि पावसाळ्यात मुळीच नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातले पश्चिमेकडचे पाणी या कड्यांवरून खाली येते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात हा घाटही दरडींनी बंद पडला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

सामान आणि कपडे

महागडी सायकल लागत नाही. पुढे शॉकअप, चांगले ब्रेक, चढाला पुरेसे हलके गिअर आणि आपल्या उंचीची फ्रेम, एवढे पाहावे. सोबत जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, ॲलन कीचा संच आणि पाणी. हेल्मेटशिवाय अंगणाबाहेरही जाऊ नये.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगतो. खरा धोका ओढणीचा आणि सलवारीच्या घेराचा. ओढणी चाकात जाते, सलवार चेनमध्ये. माझ्या पत्नीने उपाय काढला: घोट्याशी रुंद इलॅस्टिक लावलेली सलवार, गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता, आणि हेल्मेटखाली बसेल असा पातळ, शिवलेला स्कार्फ. त्याला पिन नाही. कारण पडल्यावर पिन टोचते. या कपड्यांत मुलगी दिवसभर सायकलीवर होती आणि कुठेच अडचण आली नाही.

चढणे आणि उतरणे

डिसेंबरमध्ये आम्ही आंबेनळीला गेलो. फजरनंतर चांगले उजाडेपर्यंत थांबलो आणि पोलादपूर सोडले. मुलांचा मामा पिकअप घेऊन मागे होता. प्रतापगडाच्या फाट्यावर चहा घेतला, तिथून पुढचा चढ बसत-उठत संपवला. जुहरच्या वेळेला वर पोहोचलो तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावर जे होते ते पाहून सगळा शीण गेला. दुपारी आर्थर सीटवर गेलो. तिथून सावित्रीचे खोरे पायाशी दिसते. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी उतरायचे होते. चढणारा दमतो, पडतो तो बहुधा उतरणारा. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबून धरायचा नाही, खडीवर मागचे चाक जाम करायचे नाही, अंग थोडे मागे आणि खाली ठेवायचे. ब्रेक सतत धरून ठेवला तर तापतो, दाबायचा, सोडायचा.

डोंगरी सायकलींचा खेळ सुरू झाला त्या काळातही गोष्ट ब्रेकचीच होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातली काही तरुण मुले जुन्या जड सायकली घेऊन डोंगरावरून उतरत. १९७६ मध्ये त्यांनी ज्या उतारावर शर्यत सुरू केली त्याचे नाव 'रिपॅक' पडले. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई, आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजे रिपॅक. पुढे हाच खेळ १९९६ मध्ये ऑलिंपिकमध्ये गेला.

हे सगळे मीच मुलीला सांगितले होते. निघण्याआधी टायर पाहिले, चेनला तेल दिले, दिवे तपासले. ब्रेक पॅड मात्र पाहिले नाहीत. चार-पाच किलोमीटर उतरलो असू, मुलगी कडेला थांबली.

"अब्बा, मागचा ब्रेक हँडलला टेकतोय."

मी वायर ताणून पाहिली. थोडा फरक पडला. घाट उतरायची माझीच हौस मोठी होती. म्हणालो, "पुढचा चांगला आहे ना? हळूहळू जाऊ."

ती म्हणाली, "एका ब्रेकवर घाट उतरायचा नाही, हे तुम्हीच सांगितलंय." आणि मामाला हात केला.

मला राग आला. इतके महिने तयारी केली, आणि शेवटचा उतार गाडीत बसून? पण ती सायकल पिकअपमध्ये चढवायलाही लागली होती. मी माझीही चढवली. पोलादपूरपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही.

घरी येऊन पॅड काढले. घासून पत्रा दिसत होता. मी तो मुलीला दाखवला आणि म्हणालो, "चूक माझी होती." एवढे म्हणायला बापाला जड जाते, पण म्हणावे.

रात्री जेवताना आईने सगळे विचारून घेतले. मुलगी मध्येच परत आली हे ऐकून आई आता सायकल बंद करायला सांगणार, अशी माझी खात्री होती. आई म्हणाली, "तुझे बाबा समुद्रावर होते. वारा बघून मागे फिरतो तो तांडेल घरी येतो, असं म्हणायचे." मग नातीच्या ताटात मासा वाढत म्हणाली, "पुढल्या वेळी कधी जातेस?"

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही सायकली अंगणात उलट्या करून ठेवायच्या, पॅड, वायर, चेन, टायर पाहायचे, असा घरचा नियम झाला आहे. तपासते ती. मी पाना धरून शेजारी बसतो. आपल्या मुला-मुलींना डोंगर दाखवायचा असेल तर या थंडीत खाडीकाठापासून सुरुवात करा. निघताना त्यांना एवढे जरूर सांगा की मध्येच परत फिरले तरी घरात कुणी हसणार नाही.