तापीकाठचा वाडा, बदलते धनी

शाही किल्ला, बुऱ्हाणपूर

तापीच्या काठावरची ही वास्तू नावाने किल्ला, वापराने राजवाडा. शहराच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर असलेला असीरगड वेगळा. तो लष्करी डोंगरी किल्ला.

फारुकी : खानदेशचे सुलतान. बांधकाम दुसऱ्या आदिलखानाच्या काळातलं मानलं जातं (१४५७–१५०१).

मुघल : १६०० मध्ये अकबराने शहर घेतलं. शाहजहानच्या काळातल्या हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी आजही पाहण्याजोगी. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल बुऱ्हाणपुरातच बाळंतपणात वारली. पहिलं दफन नदीपलीकडे, जैनाबादच्या आहूखान्यात. त्याच वर्षाअखेरीस पार्थिव आग्र्याला नेलं.

निजाम : १७२० पासून. पहिला निजाम १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला, कबर खुलताबादला.

मराठे : निजामाविरुद्धच्या उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये शहर पेशव्यांकडे आलं, पुढे शिंद्यांकडे. १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकलं. सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना परत मिळालं.

इंग्रज : १८६०च्या सुमारास कायमचा ताबा.

आज : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली.