उभ्याने खेळायची पेटी

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात उभे असल्यामुळे ज्याचे नवल प्रवाशांना आजही सरत नाही ते नवापूरचे स्थानक मागे पडले, म्हणजे थोड्याच वेळात चिंचपाडा येते. १९४२ पासून चालत आलेले मिशनचे रुग्णालय ही या गावाची परगावी असलेली मुख्य ओळख. बाकी भाताची खाचरे, सागाची झाडे, आणि जिल्ह्यातील पूर्वेकडच्या गावांनी हेवा करावा असा पाऊस. अशा या गावी, माझ्या मित्राच्या पडवीत, पत्र्याच्या छपराखाली, सहा फूट उंचीची एक काळी लाकडी पेटी उभी आहे. लांबून पाहणारा तिला कपाट समजतो आणि जवळ आल्यावर बुचकळ्यात पडतो; कारण तिच्या मधोमध तिरकी काच आहे, काचेखाली उतरता फळा आहे, फळ्यावर लाल बोंडांचे दोन दांडे व बटणांच्या ओळी आहेत, आणि माथ्यावर आतून दिवा लावलेली पाटी आहे. ही पेटी आम्ही दोघांनी मिळून बांधली. तिचाच हा परिचय.

इंग्रजीत जिला आर्केड कॅबिनेट म्हणतात आणि आमच्या लहानपणी जिला नुसते ‘गेमची मशीन’ म्हणत, तिची वंशावळ फार जुनी नाही. १९७२ साली कॅलिफोर्नियातील सनिव्हेल या गावच्या एका मद्यगृहात, अटारी नामक नव्या कंपनीचे अभियंता ॲल अल्कॉर्न यांनी घडवलेला ‘पाँग’ हा खेळ परीक्षेसाठी ठेवण्यात आला. लाकडी खोका, त्यात बसवलेला दूरचित्रवाणी संच, दोन फिरवायच्या कळा आणि नाणे टाकायची फट, एवढाच तो सगळा सरंजाम. काही दिवसांतच यंत्र बंद पडल्याची वर्दी आली; अल्कॉर्न पाहावयास गेले, तो विद्युन्मंडल शाबूत होते, आणि नाण्यांचा डबा काठोकाठ भरून ओसंडल्यामुळे फट तुंबली होती. यंत्राच्या इतिहासात इतका सुखद बिघाड दुसरा कोणता झाला असेल तर तो मला ठाऊक नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी जपानच्या टायटो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ सिद्ध केला. वरून रांगांनी उतरणारे शत्रू, खालून गोळ्या झाडणारा एकटा खेळाडू, आणि जसजसे शत्रू कमी होतील तसतशी उरलेल्यांची वाढत जाणारी गती, हे त्याचे स्वरूप. ही गती निशिकादोंनी योजून आणलेली नव्हती. त्या काळच्या मंद प्रोसेसरला शत्रू कमी झाले म्हणजे चित्रे कमी काढावी लागत, आणि म्हणून उरलेली त्याच्याकडून लवकर लवकर निघत. यंत्राच्या दुबळेपणातून खेळाला रस चढावा, ही गोष्ट मला फार आवडते. परंतु माझ्या मित्राला, तो पिढीजात सुतार असल्यामुळे, त्याच खेळातली दुसरीच गोष्ट भावली. अमेरिकेत मिडवे कंपनीने या खेळाची जी उभी पेटी काढली, तीत पडदा खेळाडूच्या समोर नव्हताच. तो पेटीच्या पोटात खाली निजवलेला असे. त्याचे प्रतिबिंब एका अर्धपारदर्शक आरशावर पडे, आणि आरशापलीकडे रंगवलेला चंद्रभूमीचा देखावा त्या प्रतिबिंबाशी एकजीव होऊन दिसे. पडदा एकरंगी, पण त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून हिरवा-नारिंगी भास केलेला. हे सारे मी त्याला समजावून सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे निम्मा खेळ सुतारानेच केला की रे!”

या एका वाक्यावर आमची पेटी उभी राहिली आहे. तोवर माझी समजूत अशी होती, की खेळ हा चिपेत असतो आणि लाकूड हे केवळ त्याचे वेष्टन. ते जसे जमेल तसे ठोकून द्यावे.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना या यंत्रांचा पहिला परिचय शहरातल्या गेम पार्लरमध्ये झाला. अंधारी खोली, बाहेर मळका पडदा, गल्ल्यावर टोकने मोजून देणारा मालक, आणि एका खेळणाऱ्यामागे सल्ला देणारे चार जण. कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ त्याच्या या भारदस्त नावाने भारतात फारसा कुणी ओळखला नाही. त्यातील पिवळ्या टोपीच्या मुस्तफा नावाच्या नायकावरून सगळा देश त्याला ‘मुस्तफा’ म्हणत असे, आणि अजूनही म्हणतो. वडीलधाऱ्या मंडळींना ही पार्लरे जुगाराच्या अड्ड्यांच्या पंगतीला बसलेली वाटत, आणि सरकारचेही मत फार निराळे नव्हते. कर्नाटकातील अशा पार्लरांनी पोलिसांचा परवाना घ्यावा की नाही हा तंटा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९५ साली न्यायालयाने परवान्याची सक्ती मान्य केली. पुढे घरोघरी संगणक आले, मग हातोहाती मोबाइल आले, आणि पार्लरे कुणी न मिटवता मिटली. मोबाइलवर तोच मुस्तफा आजही खेळता येतो. तो बसून, निजून, एकट्याने खेळता येतो, आणि मागे उभे राहून “अरे, उडी मार!” म्हणणारा कुणी नसतो.

तो उभ्याचा, घोळक्यातला खेळ परत हवा, म्हणून आम्ही जेव्हा पेटी बांधावयाची ठरवली, तेव्हा पहिली मसलत मापांची झाली. अमेरिकन धर्तीची उभी पेटी सुमारे सहा फूट उंच असते आणि तिचा हाताचा फळा जमिनीपासून तीन फुटांच्या थोडा वर येतो. आठ बाय चारच्या अठरा मिलिमीटर प्लायवूडच्या एका तावातून दोन्ही कुशी निघतात, पण वक्र रेषा आखताना दोन कुशी एकमेकींत अशा गुंतवाव्या लागतात, की एकीचा फुगवटा दुसरीच्या खोलगटीत जावा. शिंप्याने कापड वाचवावे तसे. मित्राने प्रथम पुठ्ठ्यावर पूर्णाकृती नमुना कापला, तो भिंतीला टेकवून ठेवला, आणि गल्लीतल्या लहानथोर अशा नऊ-दहा जणांना त्याच्यासमोर उभे करून त्यांची कोपरे कुठे येतात ते पेन्सिलीने टिपले. मी या प्रकाराला हसलो. परंतु फळ्याची उंची दोन बोटे चुकली, तर अर्ध्या तासात मनगट दुखते किंवा मान अवघडते, हे त्याला खुर्च्या-टेबले करून करून माहीत होते, आणि मला कुठल्याही नकाशात आढळले नव्हते.

लाकडावरून आमचा खरा वाद झाला. सागाच्या मुलखात प्लायवूड वापरणे त्याला कमीपणाचे वाटे. माझा मुद्दा असा, की एवढी रुंद फळी अखंड सागाची मिळणे दुरापास्त आणि मिळाली तरी पावसाळ्यात ती पीळ खाणार. शेवटी तडजोड ठरली. कुशी प्लायवूडच्या, आणि कडांना, जेथे कारखान्यातील पेट्यांवर खाचेत ठोकून बसवलेली प्लास्टिकची पट्टी असते, तेथे रंधून गोल केलेली सागाची पट्टी. ती पट्टी पेटीच्या वळणाबरोबर वाकवण्यासाठी त्याने तिच्या पाठीला जवळजवळ करवतीचे उथळ छेद दिले, ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवली, आणि सकाळी सरस व चुका मारून ती बसवली. पेटीचा तळ जमिनीपासून चार बोटे वर उचललेला आहे. कारण आमच्याकडे वाळवी ही पाहुण्यासारखी येत नाही, वारसासारखी येते.

लाकडाचा कारभार आटोपल्यावर माझी पाळी आली. दांडा, म्हणजे ज्याला जॉयस्टिक म्हणतात तो, वरून कितीही गूढ दिसला तरी आत अगदी भाबडा असतो. दांड्याच्या खालच्या टोकाभोवती चार दिशांना चार सूक्ष्म खटके असतात. दांडा उजवीकडे झुकला, की खालचे टोक डावीकडच्या खटक्यावर दाबले जाते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन मंडल पूर्ण होते. चारांपैकी दोन खटके एकदम दाबले गेले म्हणजे तिरपी दिशा मिळते, आणि अशा रीतीने चार खटक्यांत आठ दिशा बसतात. आता गंमत अशी, की १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’ला, त्याचे कर्ते तोरू इवातानी यांनी चक्रव्यूहातले मार्ग काटकोनात आखले असल्यामुळे, तिरपी दिशा चालतच नाही, तर १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये तिरपीवाचून पुष्कळ डाव साधत नाहीत, शिवाय हाताशी सहा बटणे लागतात. म्हणून दांड्याखाली एक खाचेची तबकडी असते. ती एका बाजूने बसवली तर दांडा चार दिशांतच फिरतो, फिरवून बसवली तर आठ दिशांत. कोणता खेळ मुख्य मानायचा, हा प्रश्न त्या तबकडीने आमच्यापुढे टाकला. आम्ही डावा दांडा आठ दिशांचा व उजवा चार दिशांचा ठेवला, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो.

प्रत्येक खटक्याला दोन तारा लागतात, परंतु त्यांतील एक सर्वांना समाईक असते व ती माळेसारखी एका खटक्यावरून दुसऱ्यावर ओवत न्यावयाची असते. मी पहिल्या दिवशी ही माळ मध्येच एका ठिकाणी सैल सोडली, त्यामुळे तिच्यापुढची सगळी बटणे मुकी झाली, आणि दोष काही केल्या सापडेना. कारण मी बटणे तपासत होतो आणि माळेकडे पाहतच नव्हतो. पूर्वीच्या व्यावसायिक पेट्यांत हा तारांचा पसारा एका ठराविक जोडणीत संपत असे. जपानी उत्पादकांच्या संघाने १९८० नंतरच्या दशकात जामा या नावाची छप्पन्न टोकांची पट्टी मुक्रर केली, आणि तेव्हापासून पार्लरवाल्याला जुना खेळ काढून त्याच पेटीत नवा खेळ घालणे सोपे झाले. पेटी कायम, आतला खेळ बदलता. लाकडाच्या दीर्घायुष्याचे हे एक प्रमाणपत्रच म्हणायचे.

आमच्या पेटीचा मेंदू म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा एक रास्पबेरी पाय संगणक. त्यावर जो कार्यक्रम चालतो, त्याचे नाव मेम. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने १९९७ साली तो प्रथम प्रसिद्ध केला, आणि नंतर शेकडो स्वयंसेवकांनी तो वाढवला. जुन्या खेळांची मूळ यंत्रे गंजून नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या रचनेचे दप्तर तयार करून ठेवावे, हा त्यामागील घोषित हेतू. खेळता येणे हा त्या दप्तराच्या अचूकतेचा पुरावा. कार्यक्रम मुक्त असला तरी खेळांचे हक्क ज्याचे त्याच्यापाशी असतात, आणि खेळांच्या प्रती हक्कदाराच्या परवानगीवाचून वाटणे कायदेशीर नव्हे, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. या मेंदूचा एक शत्रू मात्र कोणत्याही हस्तपुस्तिकेने आमच्यासाठी पुरेसा ठळक केलेला नव्हता, आणि तो म्हणजे अकस्मात जाणारी वीज. स्मृतिपत्रावर, म्हणजे मेमरी कार्डावर, काही लिहिले जात असताना वीज गेली, तर त्यावरील मजकूर बिघडतो; पहिल्या श्रावणात आमचा तो दोनदा बिघडला. आता पेटीच्या तळाशी एक छोटी बॅटरी आहे, आणि वीज गेल्यास संगणक आपल्या हाताने दिवे मालवून शहाण्यासारखा निजतो.

पडद्याविषयी मी थोडक्यात आटोपतो. जुना काचेच्या नळीचा संच लावावा अशी फार इच्छा होती, कारण जुने खेळ त्या नळीच्या मऊ, ओघळत्या प्रकाशासाठीच रेखाटलेले आहेत. परंतु त्या नळीत हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ दबा धरून राहतो. लहान मुले आहेत त्या घरी हे नको, असे मित्राच्या आईने एका वाक्यात सांगितले आणि प्रकरण निकालात निघाले. कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेला चौकोनी सपाट मॉनिटर आम्ही बसवला आहे.

नाण्याच्या फटीने मात्र आमची पुरती फजिती केली. स्वस्त नाणेपारखी यंत्रात एक नमुन्याचे नाणे कायमचे अडकवून ठेवतात. आत पडणारे प्रत्येक नाणे त्या नमुन्याशी विद्युत्चुंबकीय रीतीने ताडून पाहिले जाते, आणि जुळले तरच पुढे जाते. आम्ही नमुना म्हणून १ रुपया ठेवला. आता आपल्या देशात एक रुपया म्हणजे एक वस्तू नव्हे. १९९० नंतरच्या दशकातला पोलादी रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा होता, २०११ च्या मालिकेतला २२ मिलिमीटरचा. आणि याच २०११ च्या मालिकेतला २ रुपयांचा शिक्का पुन्हा २५ मिलिमीटरचा. परिणामी, जुना रुपया नमुन्याला ठेवला तर नवा रुपया थुंकून टाकला जाई आणि २ रुपये रुपयाच्या भावाने गिळले जात. गिऱ्हाइकांमध्ये हिशेबी पोरे असल्यामुळे ही लूट पहिल्याच संध्याकाळी उघडकीस आली. शेवटी नाणे रद्द करून आम्ही पार्लरवाल्यांप्रमाणे टोकन केले. पितळेचे मिळेना, म्हणून दुसऱ्या एका टपरीवाल्या मित्राकडच्या लोखंडी वॉशरांतून एका मापाचे पन्नास निवडले. ते फुकट देतो, पण देतो मोजून. कारण फटीत काहीतरी पडल्याचा तो खणखणाट झाल्याशिवाय डाव सुरू झाल्यासारखे कुणालाच वाटत नाही.

संध्याकाळची गाडी येऊन गेली, की पडवीत गर्दी जमते. एक खेळतो, मागे सहा जण उभे राहतात, मावची, अहिराणी, गुजराती आणि शाळेतली मराठी अशा चार भाषांत त्याला सल्ले मिळतात, आणि तो हरला की सातही जण हरतात. नऊ-दहा कोपरांची सरासरी काढून ठरवलेली फळ्याची उंची सर्वांना मानवली. फक्त मित्राची पाच वर्षांची पुतणी त्या हिशेबात नव्हती. ती फळ्याखाली उभी राहून हात वर करून आंधळेपणाने बटणे बडवी, आणि पडद्यावर काय चालले आहे ते इतरांकडून ऐके. मागच्या रविवारी उरलेल्या प्लायवूडच्या तुकड्यांतून तिच्या काकाने दोन पायऱ्यांचा एक चौरंग केला, त्याच्याही कडांना सागाची पट्टी लावली. तो अजून फरशीवर घसरतो; नवापूरहून रबराचे बूट आणावयाचे राहिले आहेत.