मन आजारी पडते तेव्हा : डॉ. आनंद नाडकर्णी यांची वाटचाल

घरातल्या सुनेची छाती धडधडते. रात्र रात्र झोप लागत नाही, भाजी चुलीवर करपते तरी तिचे लक्ष नसते. ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल निघतो. रक्ताचे रिपोर्टही ठीक येतात. मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते असर आहे, कुणी म्हणते कामाचा कंटाळा. तावीज बांधला जातो आणि महिने निघून जातात. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले की मात्र घर गप्प होते. “लोक काय म्हणतील? उद्या मुलीच्या रिश्त्याला अडचण येईल.”

मुंब्रा, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या घरांना हे नवे नाही. आपल्या भागात या भीतीला एक खास कारणही आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून ‘याला ठाण्याला पाठवा’ ही टिंगल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. याच ठाण्यात राहून ही टिंगल पुसण्यासाठी आयुष्य देणारे एक डॉक्टर म्हणजे आनंद नाडकर्णी.

त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईतल्या केईएम रुग्णालयाच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले. त्यानंतर त्यांनी मानसोपचाराची वाट धरली. शल्यविशारद किंवा हृदयरोगतज्ज्ञ झाला तर घराण्याचे नाव होते. मनाच्या डॉक्टरला मात्र त्या काळी ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणत. नाडकर्णींनी पुढे आपल्या एका पुस्तकाला नाव दिले, ‘शहाण्यांचा सायकिॲट्रिस्ट’. त्या नावातच उत्तर आहे. मनाचा त्रास शहाण्यासुरत्या, कमावत्या, घर सांभाळणाऱ्या माणसालाही होतो.

पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्या कामाशीही नाडकर्णी जोडले गेले. व्यसनी माणसाला घरचे नालायक म्हणतात, मोहल्ला टाळतो. त्याला आजारी माणूस मानून उभे करायचे, तर औषधाइतकीच घरच्यांची आणि सोबत्यांची साथ लागते.

१९९० मध्ये त्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ म्हणजेच आयपीएच ही संस्था काढली. इथे मानसोपचारतज्ज्ञांच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि स्वयंसेवकही काम करतात. रुग्णांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे स्वमदत गट, फोनवरून आधार देणारी ‘मैत्र’ हेल्पलाइन असे उपक्रम तिथे उभे राहिले. वर्षानुवर्षे आजारी मुलाला सांभाळणाऱ्या आईलाही कुणाशी तरी बोलावेसे वाटते, हे या कामाने ओळखले. विद्यार्थ्यांना करिअरची दिशा दाखवणारा ‘वेध’ हा कार्यक्रम ठाण्यात सुरू झाला आणि पुढे कल्याणसह महाराष्ट्रातल्या इतर शहरांत पोहोचला.

विचार बदलला की

नाडकर्णी ज्या पद्धतीचा आग्रह धरतात, ती अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली. आपल्याकडे ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा. ती समजायला सोपी आहे. समजा, मुलगा बारावीला नापास झाला. ही घटना. ‘मी कुचकामी आहे, अब्बांना तोंड कसे दाखवू?’ हा त्याचा विचार. जीव देण्यापर्यंत नेणारी निराशा या विचारातून येते. नापास होणारी सगळीच मुले त्या टोकाला जात नाहीत, कारण त्यांचा विचार वेगळा असतो. समुपदेशक त्या विचाराला मुलाबरोबर बसून प्रश्न विचारतो : एका परीक्षेवरून अख्खा माणूस कसा मोजायचा? उत्तर मुलाने स्वतः शोधायचे असते. निकालाचे दुःख राहते, पण ते पेलता येते.

ही गोष्ट आपल्या परंपरेलाही परकी नाही. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडते तसे मनही पडते, असे त्यांनी मांडले. घरात औषध आधीच ठेवावे, तसे चांगल्या दिवसांत चांगले विचार साठवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला होता. प्रत्येक आजारावर इलाज आहे, ही प्रेषितांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग मनाचा आजार तिच्यातून वगळायचा कशासाठी? दुआ करावी आणि दवाही घ्यावी.

दवाखान्याबाहेर

दवाखान्याबाहेरचे नाडकर्णी लेखक आणि नाटककार आहेत. ‘गद्धेपंचविशी’त त्यांनी आपले कॉलेजचे दिवस रंगवले, तर ‘त्या तिघांची गोष्ट’ आणि ‘जन्मरहस्य’ ही त्यांची नाटके रंगभूमीवर आली. दवाखान्याची पायरी चढायला जो घाबरतो, तो नाटकाला सहज जातो, पुस्तक घरी बसून वाचतो. मनाविषयी बोलायची सवय त्याला तिथेही लागू शकते.

आता आपल्या घरापुरते. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देतो. समुपदेशक औषध देत नाही, बोलून मार्ग काढतो. कुणाकडे जायचे हे कळत नसेल, तर आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांना विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. खोलीतली गोष्ट मोहल्ल्यात जाईल, ही भीती नको. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

त्या सुनेचा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे तिला काहीच झाले नाही, असे नव्हे. तिच्याजवळ बसा आणि विचारा, “बेटा, मनात काय चाललंय?” ती बोलू लागली की मध्ये न बोलता ऐका. आणि गरज वाटली, तर दवाखान्यात तिच्यासोबत स्वतः जा.