घसारा

हिशेबाच्या पुस्तकातल्या ‘डेप्रिसिएशन’ला मराठीत ‘घसारा’ हा शब्द ज्याने कोणी दिला, त्या अनामिक माणसाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. इंग्रजी शब्दात नुसती किंमत उतरते. मराठी शब्दात वस्तू घासली जाते, झिजते. बँकेच्या नोकरीत हा शब्द मी हजारो वेळा लिहिला. यंत्र असो, मालमोटार असो की शाखेतले कपाट असो, ३१ मार्च आला की ठरलेल्या टक्क्यांनी त्याची किंमत खाली. वस्तू वापरली काय अन् न वापरली काय, कॅलेंडर उलटले की घसारा. पण हा शब्द जिथे अक्षरशः, रोज, दर सिग्नलला खरा होतो, ती जागा कुठल्याच ताळेबंदात नसते. ती असते आपल्या मोटारीच्या चाकाआड, ब्रेकच्या पॅडमध्ये.

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, तिला चिमट्यासारखा दोन्ही बाजूंनी धरणारा कॅलिपर, आणि त्या चिमट्यात समोरासमोर बसवलेले दोन पॅड. पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर घट्ट बसवलेला घर्षणद्रव्याचा थर. नवा असताना तो साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन सरकतो, पॅड तबकडीला आवळतात आणि गाडी थांबते. अनेक छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांना अजून ड्रम असतात. तिथे पॅडऐवजी शू आणि शूवर लायनर. तत्त्व एकच. एकाने झिजायचे, म्हणजे बाकीच्यांना थांबता येते.

गाडी ‘थांबते’ असे आपण सहज म्हणतो. पण तिचा वेग जातो कुठे? तो उष्णता होऊन जातो. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर तेवढ्या उष्णतेत पाऊण लिटर थंड पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते; थांबायला लागणारे अंतरही त्याच हिशेबाने वाढते. चक्रवाढ व्याज न कळणारे कर्जदार मी पुष्कळ पाहिले. वेगाचा हा वर्ग न कळणारे चालक त्याहून जास्त आहेत.

आता हीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीला उतरवा. उंचीतला फरक सुमारे साडेपाचशे मीटर. सगळा उतार केवळ ब्रेकवर उतरलात, तर एक बादलीभर पाणी उकळवण्याइतकी उष्णता त्या मूठभर पॅडांना आणि तबकड्यांना पचवावी लागते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदतही दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. वाचलेल्या पेट्रोलची किंमत त्या क्षणी कळते.

झिजणाऱ्या थराची ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले. तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथून मानतात. मला या गोष्टीत चामड्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. गाडी चालवणारी आणि निर्णय घेणारी व्यक्ती एकच होती. तिला जाणवले आणि ती थांबली.

आपल्याकडे नेमके हेच घडत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी चिपळूणच्या शाखेत होतो. अग्रक्रम क्षेत्राच्या योजनेत टॅक्सी-जीपवाल्यांना आम्ही कर्जे देत असू. तारण ठेवलेल्या वाहनाची पाहणी हे माझे काम. कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला प्रवासी नेणारे दोघे आमचे कर्जदार होते. एक स्वतः जीप चालवी. दुसऱ्याची बाजारात पेढी होती आणि जीपवर पगारी ड्रायव्हर. दुसऱ्याचा हप्ता कधी चुकला नाही. पहिल्याचा पावसाळ्यात हमखास चुके. त्याला एकदा कारण विचारले, तर म्हणाला, “साहेब, ह्या महिन्यात लायनर घातले. हप्ता मागाहून भरता येतो, घाट मागाहून उतरता येत नाही.” पेढीवाल्याचा ड्रायव्हर मात्र पाहणीच्या वेळी मालक जरा लांब गेलेला बघून हळूच बोलला, “तुम्हीच सांगा ना त्यांना. मी सांगितलं तर म्हणतात, तुला नुसता खर्च दिसतो.” मी सांगितले. पाहणीच्या अहवालातही लिहिले. पेढीवाल्याने लायनर बदलले, पण ड्रायव्हरच्या बोलण्याने नव्हे, बँकेच्या कागदाने.

तेव्हापासून माझ्या मनात हा प्रश्न ठाण मांडून आहे. ज्याच्या पायाला कळते, त्याच्या हातात मंजुरी नाही, आणि ज्याच्या हातात मंजुरी आहे, तो मागच्या सीटवर बसून पेपर वाचतो. शाळेच्या बसपासून कंपनीच्या गाडीपर्यंत हीच रचना. घरातही निराळे काय असते? गाडी सून चालवते, ‘आवाज येतोय’ असे ती चार वेळा सांगते, आणि ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ हे उत्तर देणारा भलताच असतो.

वास्तविक पॅड बिचारे मुकाट्याने संपत नाहीत. अनेक पॅडांना एक छोटी पत्र्याची जीभ असते. थर ठरावीक मर्यादेखाली गेला की ती तबकडीला घासून चिरका, कर्कश आवाज करते. कर्जवसुलीच्या भाषेत ही पहिली नोटीस. काही गाड्यांत तारेचा सेन्सर असतो आणि समोर दिवा लागतो. या नोटिशीकडे काणाडोळा केला, तर चिरका आवाज जाऊन जाडी खरखर सुरू होते. म्हणजे थर संपला, आता लोखंडावर लोखंड घासते आहे. पॅडच्या खर्चात भागणारे काम इथे तबकडीच्या खर्चावर जाते. पण मुख्य म्हणजे थांबण्याचे अंतर वाढते. अशी गाडी चालवत गॅरेजला नेण्यापेक्षा मेकॅनिकलाच बोलवावे.

प्रत्येक आवाज मात्र नोटीस नसतो. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या तबकड्यांवर गंजाची पातळ साय धरते. सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक करकरतात आणि मग आवाज जातो. त्याला घाबरू नये. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एखादा कॅलिपर अडकला असण्याचा संभव असतो. पेडल पायाखाली थरथरत असेल, तर तबकडीचा पृष्ठभाग सारखा राहिलेला नाही. (एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर जाणवणारी धडधड वेगळी, ती त्या यंत्रणेचे काम चालू असल्याची खूण.) आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागले किंवा खाली खाली जाऊ लागले, तर दोष पॅडचा नव्हे, ऑइलचा. हे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. घाटात ते तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय वाफ दाबत बसतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते.

ऑइलची आणखी एक गंमत आहे, ती बँकवाल्याला फार आवडावी अशी. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढते आणि वरच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. गळती नसते, शिल्लक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली असते. भाबडे लोक वरून ऑइल ओततात आणि पॅड झिजल्याची आयती खूण पुसून टाकतात. पुढे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल उतू जाते. तेव्हा पातळी उतरलेली दिसली की आधी पॅड बघावेत, गळती तपासावी, मग ओतावे.

‘किती किलोमीटरला बदलायचे?’ हा प्रश्न मला हमखास विचारतात. याचे उत्तर कॅलेंडरमध्ये नाही आणि मीटरमध्येही पूर्ण नाही. पुण्याच्या गर्दीत दिवसभर फिरणारी गाडी आणि महामार्गावर एका लयीत धावणारी गाडी यांचा घसारा एक कसा असेल? उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. दर दहा हजार किलोमीटरला चाक काढून थर मोजावा. तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलावा. तीन मिलिमीटर म्हणजे किती? चार एटीएम कार्डे एकावर एक ठेवा, तेवढे. चाक न काढता जाळीतून डोकावले, तर बहुधा बाहेरचाच पॅड दिसतो. आतला पुष्कळदा आधी झिजलेला असतो. बदलताना एका चाकाचे बदलून भागत नाही, समोरच्या चाकाचेही सोबतच. जुने पॅड परत मागून घ्यावेत आणि जाडी स्वतः पाहावी. गरज नसताना बदलणारे गॅरेज आणि गरज असूनही टाळणारा मालक, दोघांवरही हा एकच उपाय आहे. आणि ती काळी धूळ फुंकून उडवू देऊ नये. पॅडमध्ये पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याने मेकॅनिकांच्या फुफ्फुसांचा घात केला आहे. ओले फडके पुरते.

१ एप्रिल २०१९पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, ही फार चांगली गोष्ट. पण एबीएस चाक अडकू देत नाही, इतकेच. संपलेल्या पॅडला ते एक मिलिमीटरही परत देत नाही. विजेच्या गाड्यांत वेग कमी करताना मोटरच बॅटरी भरते, त्यामुळे पॅड कितीतरी जास्त टिकतात. तिथे झिजण्यापेक्षा न वापरल्याने गंजण्याची काळजी जास्त.

नवे पॅड घातल्यावर गाडी हलवण्याआधी उभ्या जागी पेडल कडक लागेपर्यंत दाबावे, आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत. पॅड आणि तबकडी यांना एकमेकांची ओळख व्हायला तेवढा वेळ लागतो.

एक लहानशी वही गाडीच्या खणात ठेवा. तारीख, किलोमीटर, मिलिमीटर, तीनच रकाने. आणि चौथा रकाना हवा असेल तर तो गाडी चालवणाऱ्याचा: आवाज आला का, पेडल कसे लागते. तो रकाना त्याच्या किंवा तिच्या हाताने भरलेला असावा, आणि पैसे देणाऱ्याने त्याखाली सही करण्याआधी तो वाचावा.